तीन रंगांचा दोर

फार फार वर्षांपूर्वी, नदीवर पूल बांधता येतो हे कुणाला ठाऊकच नव्हतं, तेव्हा एका गावाची नाव दोराला धरून ये-जा करायची. हा दोर दरवर्षी गावातली तरुण पोरं वळायची आणि त्यांना शिकवायचे म्हातारे दोरबाबा.

त्या वर्षी डोंगरावर वणवा लागला आणि तिथली तीस घरं खाली येऊन गावाच्या शिवेवर राहिली. राजाने हुकूम धाडला, की यंदाचा दोर गावच्या आणि डोंगरच्या पोरांनी मिळून वळावा, म्हणजे त्यांची एकमेकांशी ओळख होईल.

दोरबाबांच्या कपाळाला आठी पडली. ओळख ठीक आहे, पण दोर तुटला तर? आणि यंदा तर त्यांची लेक पहिल्या बाळंतपणाला पलीकडच्या गावाहून याच दोराच्या भरवशावर माहेरी येणार होती.

पोरं कामाला बसली. डोंगरची पोरं आपल्या बोलीत काही बोलली, की बाबांना वाटे, आपल्याविषयीच चाललंय. त्यांची म्होरकी सगुणा हसली, म्हणजे नक्की काहीतरी शिजतंय. ती गप्प बसली, तर त्याहून वाईट. दोर वळायला त्यांनी आणलेला अंबाडीचा वाख बाबा दोनदा हुंगून बघत. संशयाला काय, काहीही पुरतं. खरं तर गावातल्या वरच्या आणि खालच्या आळीचंही आपसात फारसं पटत नव्हतं.

शेवटी बाबांनी युक्ती काढली. दोर तीन पेडांचा होता. वरच्या आळीने आपला पेड हळदीत रंगवायचा, खालच्या आळीने निळीत आणि डोंगरच्या पोरांनी गेरूत.

"आता कुणाचा पेड तुटला ते मला लगेच दिसेल," बाबा म्हणाले. "आणि ज्यांचा तुटेल, त्यांनी या घाटावर पुन्हा पाय ठेवायचा नाही."

त्या दिवसापासून घाटावरची गाणी थांबली. जो तो दुसऱ्याच्या हातांकडे डोळा ठेवून वळू लागला. बाबांना मात्र बरं वाटलं. पोरं कशी सावध झाली, असं ते सगळ्यांना सांगत सुटले.

दोर नदीवर बांधला. लेक नावेत बसली. नाव मध्यावर आली आणि तांबडा पेड ताडकन तुटला. नाव कलंडली आणि लेकीने किंकाळी फोडली. उरलेल्या दोन पेडांवर दोर कसाबसा टिकला आणि नाव काठाला लागली.

लेकीला सुखरूप उतरवून घेतल्यावर बाबा गरजले, "मी म्हणतच होतो. तांबडाच तुटला ना?"

सगुणाने आपल्या पोरांना खूण केली आणि सगळी वस्तीकडे निघाली.

बाबा तुटक्या पेडाचा दोर तपासायला बसले. बोटांना भलतंच काही लागलं. पिवळा पेड ढिला होता. निळाही ढिलाच. दोन्ही नुसते शोभेला तांबड्याभोवती गुंडाळलेले. सगळा भार एकट्या तांबड्याने ओढला होता.

"पेड ढिला का सोडलास?" त्यांनी वरच्या आळीच्या पोराला विचारलं.

पोरगा मान खाली घालून म्हणाला, "बाबा, ताणलेलाच पेड आधी तुटतो, हे तुम्हीच शिकवलंत. आमचा तुटला असता तर घाट सुटला असता. म्हटलं, ओढू देत दुसऱ्यांना."

खालच्या आळीनेही तोच विचार केला होता.

बाबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते उठले आणि तसेच अनवाणी वस्तीवर गेले.

"पोरी, घाट सुटायची भीती तुलाही होतीच ना? मग तू का ताणलास?"

"भीती होती की," सगुणा म्हणाली. "पण बाबा, नावेत माणसं बसणार होती."

बाबांनी तिच्यापुढे हात जोडले. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या घरांचा वाख एकाच ढिगात ओतला, रंगांची मडकी उपडी केली आणि पोरांना मिसळून बसवलं. आधी सगळी अंग चोरून बसली. मग कुणीतरी गाणं धरलं.

काही महिन्यांनी लेक तान्ह्याला घेऊन सासरी निघाली. नावेत बसताना तिने धास्तीने विचारलं, "बाबा, यातला डोंगरच्यांचा पेड कोणता?"

बाबांनी दोरावरून हात फिरवला. "मलाही ओळखू येत नाही," ते म्हणाले, आणि तिला सोबत करायला नावेत तिच्या शेजारी जाऊन बसले.

तात्पर्य : नुसतं एकत्र बसवून माणसं एक होत नाहीत, आधी त्यांच्यावरचा पहारा उठवावा लागतो.