एकाच पायाचे दोन जोडे

फार जुनी गोष्ट आहे. ज्या राज्यात ती घडली त्याचे नाव आता कोणाच्या लक्षात नाही, पण तिथली एक रीत अजून सांगितली जाते.

त्या राज्यात नवा राजा नवे जोडे घालून सिंहासनाच्या सात पायऱ्या चढे. राजाच्या कळपातला एखादा बैल आपल्या मरणाने मेला, की त्याचे कातडे या दिवसासाठी राखून ठेवत. दोन्ही जोडे त्या एकाच कातड्याचे असत, आणि एकदा घातलेला टाका उसवायचा नसे. जोडे राजाच्या पायात बसले नाहीत, तर शिवणाऱ्याने आरी खाली ठेवायची आणि घरच्यांना घेऊन वेशीबाहेर जायचे. मग परत यायचे नाही.

एकदा हे काम एका म्हाताऱ्या कारागिराकडे आले. त्याने डाव्या पायाचे तुकडे कापले. मग उजव्या पायासाठी नमुना पालथा घातला आणि तो रापीला, म्हणजे कातडे कापायच्या हत्याराला, धार लावायला उठला. तेवढ्यात बायको आली. तिला वाटले, नमुना पालथा घालायला हे विसरले. तिने तो मुकाट्याने पुन्हा पालथा घातला. कारागिराने परत येऊन तसेच कापले. काळजी दोघांनीही घेतली, आणि म्हणूनच चूक झाली.

एक जोडा त्याने शिवला, एक तिने. राज्याभिषेकाच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांनी ते शेजारी शेजारी ठेवले. दोन्ही डाव्या पायाचे होते.

“आता राजाला सांगा,” बायको म्हणाली, “की एका पायावर उड्या मारत पायऱ्या चढ.” आणि ती रडू लागली.

कातडे उरले नव्हते. कारागीर दोन्ही जोडे उपरण्यात गुंडाळून गावाबाहेर राहणाऱ्या गणितीकडे गेला. हा गणिती खूप शिकलेला होता, पण आपल्याला काही येते याची त्याला स्वतःलाच खात्री नसे.

“शास्त्रीबुवा, डाव्याचा उजवा होईल का?” कारागिराने विचारले.

गणितीने बराच वेळ जोड्याकडे पाहिले. मग त्याने वडाचे पान पावलासारखे कापून पाटावर ठेवले. “हा डावा तळ. पाटावरून न उचलता याला उजवा कर बघू.”

कारागिराने पान सरकवले, गोल फिरवले. ते डावेच राहिले. मग त्याने ते उचलून पालथे घातले. ते उजवे झाले.

“पाटाला फक्त लांबी आणि रुंदी माहीत आहे,” गणिती म्हणाला. “तू पानाला उंचीच्या वाटेने नेलेस. आपल्याला लांबी, रुंदी, उंची माहीत आहे. याहून आणखी एक दिशा असेल, तर तिकडून नेलेला जोडा असाच उजवा होऊन परत येईल.”

“कुठे आहे ती दिशा? बोट दाखवा, मी चालत जातो.”

“माझे बोटही याच खोलीत आहे रे बाबा. ते तिकडे वळत नाही.”

“मग तुम्ही तरी पाहिलीय का?”

“चाळीस वर्षे प्रयत्न करतोय. एकदा क्षणभर दिसल्यासारखी वाटली. खरेच दिसली का, ते सांगता येत नाही.”

“वा! मी बुडतोय, आणि तुम्ही नदीची कल्पना करताय.”

“मला तेवढेच येते,” गणिती ओशाळून म्हणाला. “तरी एक कर. पान पालथे होताना पाटावरच्या मुंगीला काय दिसेल, ते मनात आण. मग जोड्याचे तसेच मनात आण.”

दुसरे काही करण्यासारखे नव्हते. कारागीर डोळे मिटून बसला. मुंगीला पान अरुंद होत होत नुसती रेघ झालेले दिसले, मग ते दुसऱ्या बाजूने पुन्हा रुंदावले. आता त्याने जोडा मनात आणला. जोडा बारीक झाला. त्याची डावी भिंत उजवीकडे निघाली, उजवी डावीकडे. दोघी एकमेकींतून आरपार गेल्या, आणि पलीकडे उजव्या पायाचा जोडा उभा राहिला. आयुष्यभर हाताळलेली वस्तू कारागिराला अनोळखी वाटली.

“पण भिंत भिंतीतून कशी जाईल?” तो पुटपुटला. मग त्याने डोळे उघडले. “भिंतीतून जाणार नाही. जोड्याच्या तोंडातून जाईल!”

त्याने एक जोडा पाण्यात भिजवला, त्याचे पुढचे टोक अंगठ्याने आत दाबले आणि पातळ, मऊ कातडे हळूहळू तोंडातून बाहेर ओढले. आतली बाजू बाहेर आली, बाहेरची आत गेली. एकही टाका उसवला नाही. हातात उजव्या पायाचा जोडा होता.

“मी म्हणत होतो ती वाट ही नव्हे,” गणिती म्हणाला. “पण गाव तेच आले.”

दुसऱ्या दिवशी राजा पायऱ्या चढू लागला. डावा जोडा गुळगुळीत होता, उजवा खरखरीत.

“हा अपमान आहे!” प्रधान ओरडला.

कारागिराने घडले ते सगळे सांगितले. राजाने पाय हलवून पाहिले. “कातडे एकच आहे. टाका उसवलेला नाही. जोडे पायात बसले आहेत,” तो म्हणाला. “आणि प्रधानजी, उजवा जास्त मऊ लागतो.” मग तो उरलेल्या पायऱ्या चढला.

कारागीर आणि त्याची बायको गावातच राहिली. त्या राज्यात पुढे कित्येक पिढ्या राजाचा उजवा जोडा मुद्दाम खरखरीत बाजू बाहेर ठेवून शिवत.

बोध : जे डोळ्यांना दिसत नाही ते मनाने पाहण्याचा प्रयत्न वाया जात नाही; ते दिसले नाही, तरी हातातली वस्तू नव्याने दिसते.