आत्याची दुसरी शीळ

मुलांनो, डोंगर उतरून आलेली नदी जंगलात शिरली की थोडा वेळ अंग सैल सोडते. तिथे पाणी खोल होतं आणि काठावरची उंबर-जांभळं डोहावर वाकून उभी राहतात. अशाच एका डोहावर पाणमांजरांचं एक कुटुंब राहत असे. आता पाणमांजर म्हटलं म्हणून ते मांजर समजू नका हं. अंग लांबुळकं, पाय आखूड, बोटांना बदकासारखे पडदे. मिश्या तेवढ्या मांजराच्या. पण मांजराला पाण्याचा जितका राग, तितकंच या मंडळींना पाण्याचं वेड.

दिवसा नदीवर माणसांची वर्दळ फार. कुणी धुणं धुतंय, कुणी गुरं पाजतंय, भोई लोक होड्या घेऊन फिरताहेत. म्हणून ही मंडळी दिवसभर मुळांखालच्या बिळात झोपून राहत आणि अंधार पडला की मासे धरायला निघत. पण रात्रीचं पाणी काही वेगळंच असतं. ओळखीचा दगडसुद्धा रात्री ओळख दाखवत नाही. म्हणून कुटुंबातल्या आजीने नियम घालून दिले होते आणि ते मोडायची कुणाची छाती नव्हती. अंधार पडायच्या आधी सगळ्यांनी मिळून काठाने एक फेरी मारायची. कुठे झाड पडलंय, कुठे माणसांनी काय लावून ठेवलंय, ते उजेडी बघून ठेवायचं. पिल्लं घेऊन फिरणाऱ्या मरळ मासळीला तोंड लावायचं नाही, मग पोटात कितीही कावळे ओरडोत.

आणि सगळ्यात मोठा नियम शिळेचा. आजी डोहाच्या मधोमध एका काळ्या खडकावर बसे आणि मधूनमधून शीळ घाली. ती ऐकली की ज्याने त्याने वर यायचं, श्वास घ्यायचा आणि आपली शीळ द्यायची. तोंडात मासा असला तर तो काठावर ठेवायचा, पण शीळ चुकवायची नाही. तुमच्या शाळेत हजेरी घेतात ना, तशी ही पाण्यावरची हजेरी. आजीचे डोळे आता मंदावले होते, पण कान असे तिखट, की शिळेवरून कोण आहे आणि कुठे आहे ते दोन्ही तिला कळे. एखादी शीळ आली नाही की ती लांबलचक शीळ घाली. मग कुणी कितीही मोठा मासा धरलेला असो, तो सोडायचा आणि हरवलेल्याला शोधायला निघायचं.

या कुटुंबात एक आत्या होती. अंगाने जरा जाड, पोहायला जरा संथ आणि मनाने लोण्यासारखी. तिच्या भावाचं एक पोर होतं. भाऊ आणि वहिनी एका पुरात वाहून गेली, तेव्हा ते मुठीएवढं होतं. त्याला आत्यानेच वाढवलं. पाणमांजराच्या पिल्लालासुद्धा आधी पाण्याची भीती वाटते, हे तुम्हाला खरं वाटणार नाही. पण हे पोर तर काठावर बसून नुसतं रडायचं. आत्या त्याला मानगुटीला धरून पाण्यात न्यायची, पाठीवर घ्यायची, पुन्हा काठावर आणायची, चाटून कोरडं करायची. असं करता करता भाचा मोठा झाला आणि काय सांगू, मासे धरण्यात त्याने काकालाही मागे टाकलं. चिखलात लपलेली सापासारखी निसरडी वामसुद्धा त्याच्या तावडीतून सुटत नसे. आत्याला त्याचं किती कौतुक! त्याच्याबद्दल बोलायला लागली की थांबतच नसे.

एवढा गुणी भाचा, पण एक खोड होती त्याला. शीळ घालायचा कंटाळा.

"शीळ घातली की मासे पळतात," तो म्हणायचा. "आणि मी काय आता लहान आहे?"

लहानपणी तो आत्याच्या पाठीवर असे म्हणून त्याला वेगळी शीळ लागत नसे; एकटा मासे धरायला निघाला त्या पहिल्याच रात्री त्याने शीळ चुकवली, तेव्हा आत्या जवळच होती. आजीचा कान टवकारलेला तिने पाहिला. आता आजी लांब शीळ घालणार, सगळे मासे सोडून धावणार, पोराला चारचौघांत बोलणी बसणार आणि उपाशीपोटी खडकावर बसावं लागणार. आत्याला ते सहन होईना. तिने तोंड दुसरीकडे वळवलं, नाक पाण्याला टेकवलं आणि बारीक आवाजात एक शीळ घातली. आजीचा कान खाली आला.

झालं. एकदा केलं ते दुसऱ्यांदा केलं, आणि पुढे रोजचंच झालं. आजीची शीळ आली की आत्या आधी आपली शीळ घाली आणि मग जरा थांबून भाच्याची. ती दुसरी शीळ तिने छान बसवलीही होती. बारीक, गोड, शेवटाला किंचित वर जाणारी. त्याची शीळ असती तर अशीच असती, असं तिला मनापासून वाटे.

"अरे राजा, एक शीळ घालायला काय होतं तुला?" ती कधीतरी त्याला म्हणायची.

"तू आहेस ना, आत्या!" भाचा हसायचा आणि तिच्यापुढे वामीचा सगळ्यात चांगला तुकडा आणून टाकायचा. मग आत्या कसली रागावतेय! ती तो तुकडा खायची आणि पुढच्या फेरीला पुन्हा दोनदा शीळ घालायची.

एके दिवशी संध्याकाळच्या फेरीला सगळे निघाले, तर भाचा बिळात पसरलेला. आत्याने त्याला उठवलं नाही. काल फार दमलाय, झोपू दे, म्हणाली. फेरी मारताना वरच्या अंगाला, नदीला मिळणाऱ्या ओढ्याच्या तोंडाशी, काकाला पाण्यावर पांढरे ठिपके दिसले. भोई जाळं लावून गेले होते. वर थर्माकोलचे तुकडे तरंगत होते आणि खाली नायलॉनचं बारीक जाळं या काठापासून त्या काठापर्यंत ताणलेलं होतं.

"पहाटे ते लोक जाळं उचलतील," आजी म्हणाली. "तोवर ओढ्याकडे कुणी फिरकायचं नाही. कळलं ना सगळ्यांना?"

सगळ्यांना कळलं. बिळाशी परत आल्यावर आत्या भाच्याला सांगायला गेली. तो तेवढ्यात उठून आळस देत होता.

"हे बघ, आज ओढ्याच्या तोंडाशी..."

"हो हो, आत्या," म्हणत भाच्याने बुडी मारली. तिचं अर्धं बोलणं काठावरच राहिलं.

त्या रात्री चंद्र नव्हता. आजीची शीळ आली, आत्याने दोनदा उत्तर दिलं. बऱ्याच वेळाने पुन्हा आली, आत्याने पुन्हा दोनदा उत्तर दिलं. मग तिने एक शिंगटी धरली, काट्यांपासून तोंड सांभाळत निवांत खाल्ली, आणि खाता खाता तिच्या लक्षात आलं की आज वामीचा तुकडा आला नाही. एरवी एव्हाना पोरगं एक चक्कर मारून जातं. येईल, ती मनाशी म्हणाली. पण मिश्या मात्र उगाच थरथरायला लागल्या.

तिसऱ्यांदा आजीची शीळ आली. आत्याने आपली शीळ घातली. आणि मग, विचार करायच्या आतच, सवयीने, तिच्या तोंडून ती दुसरी बारीक शीळही निघून गेली.

खडकावरचा आजीचा कान खाली आला. सगळं कसं ठीकठाक!

आता या नदीवरच्या प्रत्येकाला वाटत होतं की पोर सुखरूप आहे, आत्याच्या शेजारीच आहे. आणि आत्याच्या शेजारी तर कुणीच नव्हतं. हे ठाऊक असलेली सगळ्या डोहात ती एकटी होती.

तिने आजूबाजूच्या लव्हाळ्यात शोधलं. हलक्या आवाजात हाका मारल्या. क्षणभर तिच्या मनात आलं, थोडं थांबावं. सांगितलं तर आजी काय म्हणेल? काका पुन्हा तोंडाकडे तरी बघेल का? पण मुलांनो, भीतीहून माया मोठी होती. जन्मात कधी पोहली नव्हती इतक्या वेगाने आत्या खडकाकडे गेली.

"आई," ती धापा टाकत म्हणाली, "ती शीळ माझी होती."

"कुठली गं?"

"त्याची. आत्ताची. मघाची. कालची. सगळ्याच माझ्या. तो कुठे आहे ते मला माहीत नाही."

आजी ताडकन उठली. तिने मान वर केली आणि लांबलचक शीळ घातली. डोहभर पाणी खळबळलं. ज्याने त्याने मासे सोडले आणि सगळे खडकाभोवती जमले.

"शेवटचा आवाज कुठून आला होता त्याचा?" काकाने विचारलं.

"आत्याच्या जवळून," कुणीतरी म्हणालं.

"तिथे तो नव्हताच," आजी म्हणाली. "आजवर त्याचा आवाज कुठूनच आलेला नाही."

आता शोधायचं तरी कुठे? नदी वरही लांब, खालीही लांब, आणि हातभर अंतरावरचं दिसत नाही. आजीने सगळ्यांना गप्प केलं, पुन्हा एकदा शीळ घातली आणि कान लावला. सगळे श्वास रोखून ऐकू लागले. रातकिडे किरकिरत होते. मग वरच्या अंगाने, फार लांबून, एक आवाज आला. घोगरा, फाटका, मध्येच तुटलेला.

"रातवा पक्षी ओरडतोय," काका म्हणाला.

"आपल्यातलं नाही ते कुणी," आजीही म्हणाली. "त्याची शीळ मला ठाऊक आहे. बारीक आहे, गोड आहे."

"अगं आई, ती बारीक माझी गं!" आत्याला रडू फुटलं. "त्याची कधी ऐकलीय आपण? इथल्या प्रत्येकाची शीळ मी झोपेतसुद्धा ओळखीन. ही एकच ओळखीची नाही. म्हणजे ही त्याचीच! आणि वरच्या अंगाला तर ते जाळं आहे, त्याला मी धड सांगितलंच नाही!"

आणि कुणाची वाट न बघता तिने वरच्या अंगाला बुडी मारली. मागोमाग सगळे निघाले.

भाचा ओढ्याच्या तोंडाशी होता. जाळं त्याच्या मानेत आणि पुढच्या पायात गुरफटलं होतं. धडपड करावी तितकं ते आवळत होतं. पाण्यात एक मोडकं खोड होतं, त्यावर हनुवटी टेकून त्याने नाक कसंबसं वर ठेवलं होतं. पण जाळ्यात अडकलेले मासे ओढ देत होते आणि त्याची ताकद संपत आली होती. आत्या त्याच्या पोटाखाली शिरली आणि लहानपणी घ्यायची तसं तिने त्याला पाठीवर तोललं. त्याचं नाक वर राहावं म्हणून ती स्वतः पाण्याखाली राहिली, श्वासापुरती बाहेर येऊन पुन्हा खाली जात राहिली. काका आणि बाकीचे दातांनी एकेक धागा तोडू लागले. नायलॉनने काकाचे ओठ फाटले, पण तो थांबला नाही. अखेर मानेभोवतीचा शेवटचा धागा तुटला आणि सगळ्यांनी मिळून पोराला वाळूवर ओढलं.

आत्या त्याला चाटत बसली. बऱ्याच वेळाने तो खोकला, पाणी ओकला आणि त्याने डोळे उघडले.

"आत्या," तो म्हणाला, "मी अडकलो तेव्हाच ठरवलं होतं, घाबरायचं नाही. आजीची शीळ येईल. तू माझी शीळ घालतेस ते त्या घटकेला आठवलंच नाही; वाटलं, माझी शीळ नाही म्हटल्यावर सगळे धावत येतील. आजीची शीळ आली. तुमच्या सगळ्यांच्या आल्या." त्याने आत्याकडे पाहिलं. "आणि मग माझीही आली. तेव्हा मला कळलं, आता कुणी येणार नाही."

आत्याने त्याच्या ओल्या मानेवर डोकं टेकलं आणि ती हमसून हमसून रडली.

"रडू नकोस ना," भाचा म्हणाला. "चूक माझीच होती."

"दोघांची होती," आजी म्हणाली. मग तिने नातवाच्या कपाळाला नाक लावलं आणि काकाला म्हणाली, "चल, ओठांना चिखल लाव थंडगार."

आजी कुणाला रागावली नाही. फक्त दुसऱ्या रात्री निघताना ती आत्याला म्हणाली, "आज खडकावर तू बस. हजेरी तू घे."

आत्या खडकावर बसली. अंधार पडला, सगळे पाण्यात शिरले. तिने शीळ घातली. खालच्या अंगाने काकाची शीळ आली, लव्हाळ्यातून काकूची आली, उंबराखालून आजीची आली. पिल्लांच्या चिमुकल्या शिळा आल्या. मग सगळं शांत झालं.

एक शीळ यायची होती.

आत्याचे ओठ आपोआप मुडपले. ती बारीक, गोड, शेवटाला वर जाणारी शीळ अगदी तोंडाशी येऊन उभी राहिली. आत्याने दात घट्ट आवळले. पाणी काळंभोर होतं. ती थांबली. तिच्या मिश्या थरथरत होत्या, तरी ती थांबली.

आणि जांभळाखाली पाणी फुटलं, एक मोठा श्वास ऐकू आला, आणि घोगरी, फाटकी, कानाला अजिबात न शोभणारी शीळ सगळ्या डोहावर घुमली. आसपासचे मासे सुळकन पळाले. काकाच्या तोंडाशी आलेली चिलापीही निसटली, पण त्याने हसून पुन्हा बुडी मारली.

इतकी बेसूर शीळ त्या नदीवर कुणी ऐकली नव्हती. आत्याला मात्र ती इतकी गोड लागली, की तिने उगाचच आणखी एकदा हजेरी घेतली.

तात्पर्य : माया जरूर करावी, पण आपल्या माणसाने द्यायची हाक त्याच्या वतीने आपण देऊ नये. त्याची चूक आपण झाकत गेलो, तर संकटाच्या वेळी तोही कुणाला दिसत नाही.