भुरीनं सोडलेलं पाडस

फार वर्षांपूर्वी बांबूच्या रानात भुरी नावाची वाघीण राहत होती. तिचा बछडा आता तिच्याएवढा झाला होता, पण शिकार काही त्याला जमत नव्हती. दोन दिवस दोघंही उपाशी होती. दमलेल्या भुरीनं चितळाचं पाडस जिवंत धरून बछड्यापुढं सोडलं. त्यानं लांबूनच उडी मारली आणि पाडस निसटलं.

झाडावरचं वानर खिदळलं, "अगं बाई, तोंडातला घास सोडलास?"

"आई, तूच मार ना!" बछडा रडवेला झाला.

"आज मारीन रे. पण मी नसले म्हणजे?"

थोड्या वेळानं एक चितळ चरत भुरीच्या अगदी जवळ आलं. तिची नखं बाहेर आली. तेवढ्यात पोट जमिनीला टेकवून हळूहळू सरकणारा बछडा तिला दिसला. तिनं नखं आत ओढली आणि उपाशीपोटी तशीच बसून राहिली.