वगळलेली रात्र

"सर, सही का करत नाही तुम्ही?"

निनाद खांबेटे ओरडलाच. धारप सरांपुढे त्याचा आवाज आजवर कधी चढला नव्हता.

भरसमुद्रातला तेलाचा प्लॅटफॉर्म पावसाळी लाटांपुढे टिकेल की नाही, हे निनादने तपासलं होतं. त्याच्या मते टिकणार होता. सरांची सही झाली की माणसं पावसाळाभर तिथेच राहणार. नाही झाली, तर सगळ्यांना किनाऱ्यावर आणावं लागणार. आणि सर आपले सकाळपासून ओटीवर बसून निवांत सुपारी कातरत होते.

"शंभर वर्षांत एकदाच येईल एवढी मोठी लाट धरलीये मी. वर आणखी वाव ठेवलाय."

"लाटा मोजल्या कशाने?"

"बोयाने. साखळीला बांधलेला तरंगता मापक, कित्येक वर्षं तिथेच होता."

"मागच्या वादळात?"

"त्या रात्री साखळी तुटून वाहून गेला. मग दुसरा टाकला. त्या रात्रीचं मोजमापच नाही, म्हणून ती वगळली. सगळेच वगळतात!"

सरांनी आणखी एक सुपारी कातरायला घेतली.

निनादच्या तळपायाची आग मस्तकात गेली. याच माणसाने त्याला समुद्राचं गणित शिकवलं, आणि आज हाच ते गणित बघायला तयार नव्हता. वय झालंय, घाबरलाय, दुसरं काय!

सरांनी अडकित्ता खाली ठेवला. ओटीच्या वाशाला फणस तोलायचा जुना ताणकाटा टांगलेला होता.

"इकडे ये. काटा वाच."

निनाद फणफणतच काट्यापाशी जाऊन उभा राहिला. सरांनी कोपऱ्यातला सगळ्यात मोठा फणस धापा टाकत उचलला. निनादने हातसुद्धा लावला नाही. इतका राग आला होता त्याला.

सरांनी देठाची दोरी हुकात अडकवली आणि हात सोडले.

सुई टोकाला जाऊन आपटली. हुक तुटला आणि फणस धाडकन खाली आला. निनादने पाय मागे घेतला म्हणून वाचला.

"सर! पायाचा चुरा झाला असता माझ्या!"

"किती भरला?"

"कसं सांगणार? काटाच तुटला!"

"मग वगळ की." सरांचा आवाज संतापाने थरथरत होता. "पाय कशाला मागे घेतलास?"