कुठलाही एक सर्व्हर

उद्या निकाल! लाखभर मुलं विद्यापीठाच्या वेबसाइटवर तुटून पडणार. आणि आज कंपनीवाले राजाध्यक्ष कुलगुरूंना देखरेखीचं सॉफ्टवेअर विकायला बसलेले.

“तुमच्या बाराही सर्व्हरवर याचा डोळा! एकाने जरी मान टाकली, तरी तत्क्षणी तुम्हाला ईमेल. हवं तर कुठलाही एक बंद करून बघा!”

सर्व्हर सांभाळणारी यामिनी शिरसाट ताडकन उठली आणि आत जाऊन आली.

“केला बंद.”

सगळे कुलगुरूंच्या फोनवर वाकले. मिनिट गेलं, दुसरं गेलं, फोन ढिम्म!

राजाध्यक्ष कडाडले, “यांनी काही बंदच केलेलं नाही! कोणता केलात बाई, सांगा!”

“ईमेलचाच. साहेब, ज्याचा गळा आवळला, त्यालाच तुम्ही ओरडायला ठेवलंय!”