दिवलीशी केलेला तह

“...मग त्या पोरांना आत आणायचं तरी कसं, बाई?”

हर्षल देवरे हे विचारताना उभाच होता. द्वारकाबाई खैरनार ओट्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. प्राथमिक शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी गाव त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणायचं. हर्षल त्यांच्याच हाताखाली शिकलेला. आता तो सातपुड्याच्या पायथ्याला, एका पाड्यावरच्या शाळेत पाचवीला शिकवत होता.

“बाहेर कशी गेली पोरं?” बाईंनी विचारलं.

“आधी एकटी गेली. दिवली वळवी. वर्गाकडे पाठ करून व्हरांड्यात बसली. दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारी दोघी जाऊन बसल्या. आता निम्मा वर्ग बाहेर आहे.”

“आणि तू?”

“सगळं करून पाहिलं. प्रशिक्षणात माझा पाठ आदर्श म्हणून दाखवला होता, बाई. वर्ग शांत करायला टाळ्यांचे ठेके आहेत, वहीवर चिकटवायचे तारे आहेत, गटांना पक्ष्यांची नावं दिलीत. माझ्या वर्गात कुणी हूं की चूं करत नव्हतं.”

“दिवलीसुद्धा?”

“तिच्याशी तर माझा तहच झाला होता.” हर्षल जरा हसला. “फळ्याजवळ बोलावलं की पाटी आपटायची. एकदा तोंडावर म्हणाली, सर, मला विचारूच नका. मी म्हटलं, बरं. तू गप्प बस, मी विचारणार नाही. तिनं पाळलं. मीही पाळलं.”

बाईंचे हात थांबले.

“तिचं कुठे अडतं?”

“गणितात.”

“गणितात कुठे?”

“...माहीत नाही, बाई.”

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या.

समोरच्या घरात कुकरची शिट्टी झाली. हर्षलनं तिकडे पाहिलं. पुन्हा बाईंकडे पाहिलं. बाई तशाच.

“माहीत नाही म्हटलं ना.”

...

“सोडा ना मला, बाई!”

“का? तुला येणारच नाही, असं धरून चालू?”

हर्षलचा चेहरा लाल झाला. एवढ्या वर्षांनी पुन्हा चौथीत बसल्यासारखं वाटलं, आणि त्याचा त्याला राग आला.

“बस,” बाई म्हणाल्या. “बेरीज येते तिला?”

“येते.”

“वजाबाकी?”

“येत असेल.”

“असेल?”

“...येते. हातच्याची पण येते.”

“पाढे?”

“तोंडपाठ. सगळ्यांत मोठ्यानं तीच म्हणते. म्हणायची.”

“मग अडतं कुठे?”

“भागाकारात.” तो थांबला. “पण भागाकारात नेमकं कुठे, ते मी पाहिलेलंच नाही. विचारायचं नाही असं ठरलं होतं ना.”

बाईंनी पुन्हा शेंगा हातात घेतल्या.

“मी तिची लाज राखली, बाई. चारचौघांत हसं होऊ नये म्हणून. दयाच केली.”

“कळलं तिला ते.”

“कळलं?”

“म्हणून तर उठून गेली.”

हर्षल हलक्या आवाजात म्हणाला, “तिच्या बापाची टोळी ऊसतोडीला निघतेय. तो म्हणतो, शिकतच नाही तर शाळेत बसून करते काय? धाकट्याला सांभाळायला नेणार. माझ्या हातात थोडेच दिवस आहेत. काहीतरी युक्ती सांगा.”

“तह मोड.”

“दिलेला शब्द मोडू? मग माझ्यावर विश्वास कोण ठेवेल?”

बाईंनी एक शेंग फोडली. दाणे त्याच्या तळहातावर ठेवले.

“खा. आणि घरी जा. शेवटची गाडी चुकेल.”

* * *

सोमवारी हर्षलनं टाळ्यांचा ठेका धरला नाही. फळ्यावर एक गणित लिहिलं. सहाशे बारा भागिले सहा. मग व्हरांड्यात गेला आणि दिवलीच्या समोर, फरशीवर मांडी घालून बसला.

“दिवली, हे गणित तू सोडव.”

तिनं वर पाहिलं. “आपलं ठरलंय.”

“मी मोडलं.”

“का?”

“चुकीचं ठरलं होतं.”

“सर खोटं बोलले!” दिवली मोठ्यानं म्हणाली, सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं. “सर शब्द मोडतात!”

“हो,” हर्षल म्हणाला. “सोडव.”

“मला नाही येत.”

तो उठला नाही. बोललाही नाही. आतून एका मुलानं उत्तर सांगायला हात वर केला. हर्षलनं नुसता तळवा दाखवला. हात खाली गेला.

दिवलीनं तोंड फिरवलं. खांबाकडे पाहिलं. खांबावरचा रंग नखानं खरवडला. बऱ्याच वेळानं वळून पाहिलं, तर सर तिथेच बसलेले.

“जात का नाही तुम्ही?”

“तुझं उत्तर यायचंय.”

“मला नाही येत, सांगितलं ना!”

“ऐकलं मी.”

...

ती उठली. रागानंच उठली. दाणदाण पावलं टाकत आत गेली, खडू उचलला आणि सहाशे बाराच्या डोक्यावर बारा लिहिलं. खडू टेबलावर फेकला.

“झालं?”

मागच्या बाकांवरून हसू फुटलं. हर्षल वळला. ओरडला नाही, फक्त त्या बाकाजवळ जाऊन उभा राहिला. हसू विरलं.

“बारा सख किती होतात?” त्यानं तिथूनच विचारलं.

“बहात्तर.”

“फळ्यावर किती आहेत?”

दिवलीनं फळ्याकडे पाहिलं. या वेळी खरंच पाहिलं. बाहेरची मुलं आता दारात येऊन उभी होती.

“चुकलं,” ती पुटपुटली. मग लगेच, “मी सांगितलंच होतं येत नाही म्हणून.”

“सहाला सहानं भागलं?”

“एक.”

“मग?”

“एक खाली घेतला.”

“एकात सहा किती वेळा जातात?”

“जातच नाहीत!”

“बरोबर. मग वर काय लिहायचं?”

“काहीच नाही. जातच नाहीत तर काय लिहू?”

हर्षलला तिथे दिसलं, इतके महिने तिचं नेमकं कुठे अडत होतं ते. एवढंसंच होतं. उत्तर ओठांवर आलं होतं, ते त्यानं गिळलं.

“काहीच नाही, हे गणितात कसं लिहितात?”

...

कुणी हललं नाही. दारातली पोरंही नाहीत.

दिवलीनं बोटानं ‘बारा’मधली मोकळी जागा चाचपली. मग तळहातानं सगळं पुसलं. एक लिहिला. त्याच्या शेजारी इतक्या जोरात शून्य काढलं की खडू मोडला. उरलेल्या तुकड्यानं दोन लिहिला.

“एकशे दोन,” ती म्हणाली. आणि हर्षलकडे वळून, “हे आधी का नाही विचारलं?”



“चुकलो,” तो म्हणाला. “उद्या पुन्हा विचारेन.”

“विचारा!” दिवली म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण मान ताठ होती.

ती त्या दिवशी आत बसली. दारातली मुलं हळूहळू आपापल्या जागी गेली. दुसऱ्या दिवशी हर्षलनं तिला विचारलं, तिच्यामागच्यालाही विचारलं, आणि हसणाऱ्या त्या बाकालाही विचारलं. कुणालाच सोडलं नाही.

* * *

टोळी निघायच्या सकाळी दिवलीचा बाप शाळेत आला. खांद्यावर झोपलेला धाकटा, मागे रस्त्यावर उभा ट्रक.

“चल,” तो दारातून म्हणाला.

दिवली फळ्यापाशी होती. “मी नाही येणार.”

“काय?”

“नाही येणार. मी आजीजवळ राहीन.”

“इथं बसून करतेस काय?”

दिवलीनं फळ्याकडे बोट केलं. “हे करते. सगळं येत नाही अजून. आलं की सांगीन.”

बाप तिच्याकडे बघत राहिला. पोरगी कधी त्याच्यासमोर एवढं बोलली नव्हती. ट्रकचा हॉर्न वाजला. त्यानं धाकट्याला दुसऱ्या खांद्यावर घेतलं, आणि दिवलीला काही न म्हणता हर्षलपाशी आला.

जे बोलायचं ते बोलला, आणि गेला.

हर्षल रविवारी बाईंकडे आला, तो ओट्याच्या पायरीवरच बसला. सगळं सांगितलं. व्हरांडा रिकामा झाल्याचं, शून्याचं, ट्रक गेल्याचं. दिवली आजीकडे राहिल्याचं.

बाई ऐकत होत्या.

“पण बाई, पाड्यावर आता माझं नाव खराब झालं. मुख्याध्यापकांनीही विचारलं. बाप सगळ्यांदेखत म्हणाला...” तो अडखळला.

“काय म्हणाला?”

“म्हणाला, पोरगी गरीब गाय होती माझी. तुम्ही तिला उत्तर द्यायला शिकवलं.”

बाई पहिल्यांदाच हसल्या.

“मग पगार कशाचा घेतोस?”