कुंपणाचे काटे

त्या माळावर जमिनीला दोन बाजू होत्या. वरची ज्याची त्याची होती आणि खालची कुणाचीच नव्हती. बिळं खालीच असत हे खरं, पण बीळ म्हणजे घर, आणि घर वरच्यातच धरायचं असा तिथला रिवाज होता.

प्रत्येक बिळाचं तोंड आपापल्या झऱ्याकडे असे. दिवस कलला की मालक बाहेर येई, ओल्या मातीला कान लावी, पाण्याचा आवाज कालच्यासारखाच आहे ना एवढं ऐकून आत जाई. याला ते ‘कान टेकणं’ म्हणत. त्यात कुणाला काही मोठेपणा वाटत नसे.

उतारावरचा तुकडा सायाळीचा होता. तिचा झरा बारीक धारेचा, पण ऐन उन्हाळ्यातही न आटणारा. अंगावरून गळलेले काटे ती फेकून देत नसे. हद्दीवर ओळीने रोवून ठेवी. गेल्या थंडीत तिचं सगळ्यात धाकटं पिल्लू एका सकाळी उठलंच नाही. तेव्हापासून वारा जरा गार झाला तरी तिचा जीव थाऱ्यावर राहत नसे. उरलेली दोन पिल्लं ती पुन्हा पुन्हा हुंगून बघे.

अशात लांबचोचे आले. हे परमुलखातले पक्षी होते, उंच पायांचे, गंभीर चेहऱ्याचे. त्यांच्या म्होरक्याने सगळ्यांना जमवून सांगितलं की, या माळाच्या पोटात, झऱ्यांच्याही पुष्कळ खाली, पापुद्र्यांचा काळा दगड आहे. कोणे एके काळी इथे दलदल होती आणि तिचा श्वास त्या दगडात कोंडून राहिला आहे. तो बाहेर काढला की त्याची ऊब होते. ज्याच्या जमिनीवर आमचे पाय टेकतील, त्याच्या बिळाला हिवाळाभर ऊब.

मग त्याने एकच गोष्ट विचारली.

“वरची कुणाची ते दिसतंच आहे. खालची कुणाची?”

सायाळीला हसू आलं. “खालची कुणाचीच नाही. कुणालाही विचारा.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. परक्याला खरं ते सांगितलं याचं सगळ्यांना बरंच वाटलं. म्होरक्यानेही मान डोलावली आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

पहिली चोच लांबच्या टेकाडावर, सशांच्या रानात उतरली. दुसऱ्या दिवसापासून माळावर कुणाचं कामात लक्ष म्हणून राहिलं नाही. जो तो उंचवट्यावर चढून माना वळवून बघत बसे. मुंगूस दिवसभर टेकाड ते उतार पळत राही आणि बातम्या आणी: आज चोच इतकी खाली गेली, उद्या हे तिकडे सरकणार, परवा बहुतेक आपल्याकडे. त्याची बातमी दुपारी एक असे आणि संध्याकाळी दुसरी, तरी दोन्ही वेळा सगळे धावत. एकदा ते म्हणालं की त्यांची चोच सरळ खाली जाते आणि दगड लागला की आडवी वळते, वेलासारखी लांबच लांब. यावर सगळे हसले. वळली तर वळली, पाय कुठे टेकणार ते सांग.

सारखं उंचवट्यावर चढून पाय दुखायला लागले, तेव्हा कुणाला तरी युक्ती सुचली. त्याने बिळाचं झऱ्याकडचं तोंड मातीने लिंपून टाकलं आणि टेकाडाच्या बाजूने नवं उकरलं. आता पडल्या पडल्या सगळं दिसे. बघता बघता माळभर तोंडं फिरली. सायाळीनेही फिरवलं. झरा आता बिळाच्या पाठीमागे गेला आणि कान टेकायचं तर वळसा घालावा लागे. वळसा घालून येईपर्यंत पक्षी हलले तर? तिने ते उद्यावर टाकलं. दुसऱ्या दिवशीही तिने तेच केलं.

लांबचोचे खरोखरच जवळ येत चालले. सशांच्या रानातून मुंगसाच्या बांधावर, तिथून घोरपडीच्या खडकाळीकडे. घोरपड ही सायाळीची शेजारीण. दोघींची हद्द एकच. इतकी वर्षं त्या हद्दीवरून दोघींत कधी शब्द झाला नव्हता. एका दुपारी घोरपड उन्हात डोळे मिटून पडली होती, तेव्हा सायाळीने हद्दीवरचे काटे एकेक उपसले आणि वीतभर पुढे, घोरपडीच्या बाजूला रोवले. घोरपडीने डोळे उघडले आणि शेपटीच्या एका फटक्यात सगळे मागे लोटले.

“लाज वाटत नाही?” ती म्हणाली.

लाज वाटत होती. पण थंडी तोंडावर आली होती आणि सायाळीला दुसरं काही सुचत नव्हतं. तिने काटे जुन्या जागी परत रोवले, पहिल्यापेक्षा दाट आणि घट्ट. निदान आपल्या वाट्याचं तरी कुणी नेऊ नये.

पक्षी उतरले ते घोरपडीकडेच, काट्यांपासून शेपूटभर अंतरावर. सायाळ दारातून हलेना. पिल्लं बिळाला वळसा घालून आपलं आपण पाणी पिऊन येत. एकदा थोरलं पिल्लू तिच्या पोटाशी येऊन म्हणालं, “आई, पाणी जिभेला गुदगुल्या करतंय.”

“पी गुपचूप,” ती म्हणाली. तिची नजर समोरच होती. “थंडीत ऊब मिळाली की विसरशील सगळं.”

बरेच दिवस चोच आत राहिली. मग एका सकाळी म्होरक्याने ती ओढून काढली. ती निघता निघेना, इतकी लांब होती. घोरपडीच्या बिळातून ऊन वाफ येऊ लागली. लांबचोच्यांनी पंख झटकले. सायाळ उठली, दारातली माती साफ केली, पिल्लांना मागे झऱ्याकडे पिटाळलं. आता आपणच.

पक्षी तिच्या डोक्यावरून निघाले.

ती काट्यांपर्यंत धावली आणि वर बघून ओरडली, “माझ्याकडे कधी येणार?”

म्होरक्याने एक घिरटी घेतली. त्याला खरंच नवल वाटलेलं दिसलं. “तुझ्याकडचं तर झालं,” तो म्हणाला. “पंधरवडा झाला असेल. पार तुझ्या झऱ्याच्या पलीकडपर्यंत.” आणि तो बाकीच्यांच्या मागे दूरच्या डोंगराकडे निघून गेला.

सायाळ वळसा घालून धावत गेली नाही. ती बिळात शिरली आणि लिंपलेलं जुनं तोंड नखांनी फोडलं. समोर झरा होता. काठावरच्या बेडक्या कधीच निघून गेल्या होत्या. दोन्ही पिल्लं पाण्याशी बसली होती, तहानेने जिभा बाहेर, पण पाण्याला तोंड लावत नव्हती. तळातून बुडबुडे वर येत होते आणि फुटत होते. तिने कितीतरी दिवसांनी ओल्या मातीला कान टेकला. पाण्याचा आवाज नव्हता. खाली खोल कुठेतरी कुणी फुंकर मारावी तसा वारा वाहत होता, आणि तो घोरपडीच्या दिशेने चालला होता.

तिने मान वर केली. उतारावर, तिच्या जमिनीच्या कडेने, काट्यांची ओळ उन्हात चमकत होती. दाट, घट्ट रोवलेली. त्यातला एकही काटा वाकलेला नव्हता.